क्रोमचा कठीण मुलामा

मराठी भाषेंत ‘मुलामा’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाहीं. वर सोनें आणि आंत पितळ असा जो प्रकार असतो त्याला मुलामा म्हणण्याची चाल आहे. वरचा थर झिजला म्हणजे पितळ उघडें पडतें, हें तर म्हणीसारखेंच होऊन बसलें आहे. परंतु दागिन्यांच्या पेढीवरून स्वयंपाकघरांत यावें, म्हणजे निराळी साक्ष मिळते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत ती शोभेसाठीं नव्हे. आमटी, ताक, चिंचेचें सार हे आंबट पदार्थ कळकूं नयेत म्हणून कथिलाचा तो पातळ थर भांड्याच्या अंगाला लावावा लागे. अन्न शिजवण्याचें काम भांड्याचें, पण त्याची राखण कल्हईची. विसाव्या शतकांत यंत्रांच्या जगांत क्रोमियमचा जो कठीण मुलामा आला, तो या कल्हईच्या जातीचा आहे. तो दाखविण्यासाठीं नसतो. पुष्कळदां तर तो यंत्राच्या पोटांत, कोणाच्याहि दृष्टीस न पडणाऱ्या जागीं असतो. झीज, घर्षण आणि गंज या तीन शत्रूंशीं झुंजणें एवढेंच त्याचें काम. हें काम त्यानें कसें पत्करलें, त्यापासून लाभ काय झाले आणि त्या लाभांची किंमत कोणी मोजली, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

क्रोमियम हा धातु माणसाला फार उशिरां सांपडला. उरल पर्वतांत एकातेरिनबुर्ग शहराजवळ बेरेझोव्स्क येथें सोन्याच्या खाणी आहेत. तेथें अठराव्या शतकांत शेंदरी रंगाचें एक सुंदर स्फटिकमय खनिज हातीं आलें. लोक त्याला सैबेरियाचें तांबडें शिसें म्हणत. त्यांत शिसें आहे हें कळत होतें. पण रंग कशाचा, तें कळत नव्हतें. १७९७ सालीं पॅरिस येथील रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोकलँ यानें या खनिजाचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांत एक अज्ञात धातु असल्याचें त्यास आढळलें. पुढल्या वर्षीं त्यानें त्या धातूची भस्मरूप पूड कोळशाबरोबर मुशींत तापविली आणि सुयांसारखे करड्या रंगाचे धातूचे स्फटिक मिळविले. या धातूचे क्षार कोणी पिवळे, कोणी नारिंगी, कोणी हिरवे निघाले. म्हणून रंग या अर्थाच्या ‘क्रोमा’ या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हें नांव मिळालें. पाचूचा हिरवेपणा आणि माणकाची लाली हीं दोन्हीं याच धातूच्या अत्यल्प अंशामुळें येतात, हेंहि पुढें सिद्ध झालें.

नांवाप्रमाणेंच पहिलीं शंभर वर्षें क्रोमियमनें रंगाऱ्यांची चाकरी केली. चित्रकारांना त्यापासून भडक पिवळा रंग मिळाला. कापड रंगविणाऱ्यांना बायक्रोमेट हा क्षार मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं कातडें कमावणाऱ्यांनींहि त्याचा स्वीकार केला. परंतु या धातूचा दुसरा स्वभावहि लौकरच दिसून आला. स्कॉटलंडमधील ग्लासगो हें या धंद्याचें एक प्रमुख ठिकाण होतें. तेथील विल्यम क्युमिन या वैद्यानें १८२७ सालीं बायक्रोमेटचें काम करणाऱ्या लोकांच्या हातांवर पडणाऱ्या खोल व्रणांचें वर्णन प्रसिद्ध केलें. हे व्रण लहान, गोल आणि कांठाला कठीण असत, आणि ते लौकर भरून येत नसत. कामगारांनीं त्यांस ‘क्रोमचीं भोकें’ असेंच नांव देऊन टाकलें. क्रोमचा मुलामा देण्याची कला जन्मास येण्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें हा इशारा मिळालेला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दरम्यान विजेनें मुलामा देण्याची विद्या स्वतंत्रपणें वाढत होती. व्होल्टा यानें १८०० सालीं आपला विजेचा ढीग जाहीर केला आणि पांचच वर्षांनीं ब्रुन्यातेली या त्याच्याच देशबंधूनें विजेच्या साह्यानें चांदीवर सोन्याचा थर चढवून दाखविला. १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनीं सोन्याचांदीच्या विद्युत्-मुलाम्याचें पेटंट घेतलें व त्या कलेचा व्यापार झाला. त्यापूर्वीं सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या साह्यानें देत असत. सोनें पाऱ्यांत कालवून तें भांड्यावर माखावयाचें आणि मग आगीवर धरून पारा उडवून द्यावयाचा. तो पारा हवेंत जाई आणि तेथून कारागिराच्या छातींत. हातपाय कांपणें, दांत गळणें आणि अकालीं मृत्यु येणें हें या कारागिरांचें ठरलेलें भोक्तृत्व होतें. विजेनें त्यांस या विषारी वाफेपासून सोडविलें. याच विजेनें पुढें ऐशीं-नव्वद वर्षांनीं कारागिरांपुढें दुसरी एक विषारी वाफ आणून ठेवावी, हा इतिहासाचा विचित्र खेळ होय.

सोनें, चांदी, तांबें व निकेल हे धातु विजेला वश झाले. क्रोमियम मात्र होईना. जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन यानें १८५४ सालीं क्रोमियमच्या क्लोराइडाच्या द्रावणांतून विजेनें तो धातु काढून दाखविला. दोन वर्षांनीं गॉइटर यानें क्रोमिक आम्लाच्या द्रावणांतून तो मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु हे प्रयोग हुकमी नव्हते. कधीं धातु बसे, कधीं नुसता काळा गाळ, तर कधीं कांहींच नाहीं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत १९०५ सालीं कार्व्हेथ व करी यांनीं या प्रश्नास पुन्हां हात घातला. तेथेंच सार्जंट या तरुण संशोधकानें पहिल्या महायुद्धापूर्वीं पुष्कळ प्रयोग केले आणि त्याचा निबंध १९२० सालीं प्रसिद्ध झाला. लिटरभर पाण्यांत सुमारें अडीचशें ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्यांत सल्फेटाचा अगदीं थोडा अंश, असें त्याच्या द्रावणाचें स्वरूप होतें. जर्मनींत लीब्राइख याचे प्रयत्न याच सुमारास चालू होते. शेवटचा धागा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक कोलिन फिंक यानें जुळविला. त्याचें पेटंट १९२६ सालचें आहे.

ही मेख कोठें होती, हें सांगितलें पाहिजे. नुसत्या शुद्ध क्रोमिक आम्लांतून कितीहि वीज घातली तरी धातु नीट बसत नाहीं. त्यांत गंधकाम्लाचा थोडासा अंश लागतो. आणि तो अंश स्वतः खर्ची पडत नसून केवळ मध्यस्थाचें काम करतो. शंभर भाग क्रोमिक आम्लास एक भाग सल्फेट, हें तें प्रमाण. सल्फेट फार कमी झालें तर मुलामा धरत नाहीं, फार वाढलें तरीहि धरत नाहीं. पूर्वींच्या संशोधकांच्या आम्लांत अशुद्धतेच्या रूपानें गंधकाम्लाचा अंश कधीं असे, कधीं नसे. म्हणून एकाचा प्रयोग दुसऱ्यास साधत नव्हता. ज्याला लोक मळ समजून टाकूं पाहत होते तोच या क्रियेचा प्राण होता. हें प्रमाण हातीं येतांच प्रयोगशाळेंतील चमत्काराचें कारखान्यांतील नित्यकर्म झालें.

या कर्माची रीत थोडक्यांत अशी. नारिंगी-तपकिरी द्रावणाचा हौद साधारण पंचावन्न अंश सेंटिग्रेड उष्णतेवर ठेवतात. त्यांत शिशाच्या मिश्रधातूचे पत्रे धनाग्र म्हणून लोंबत सोडतात. मुलामा द्यावयाचा भाग प्रथम स्वच्छ करून, जेथें थर नको तेथें मेण, लाख किंवा चिकटपट्टी लावून झांकतात. हौदांत उतरविल्यावर आधीं थोडा वेळ प्रवाह उलटा सोडतात, म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग किंचित् खरवडला जाऊन नव्या थरास घट्ट पकड मिळते. मग प्रवाह सुलटा करतात. दर चौरस डेसिमीटरला तीस ते पन्नास अँपियर एवढा जबर प्रवाह लागतो. तरीहि थर चढतो तासाला मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या भागाएवढा. याचें कारण असें कीं, चांदीचा एक अणु बसविण्यास विजेचा एक कण पुरतो, तर या द्रावणांतील क्रोमियमच्या अणूस सहा लागतात. त्यांतहि दिलेल्या विजेपैकीं दहा ते वीस टक्केच कामीं येते. बाकीची पाण्याचें विघटन करून हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यांत खर्च होते. तेवढ्याच विजेंत क्रोमियमच्या मानानें सुमारें ऐशीं पट वजनाची चांदी बसेल. या उधळपट्टीनें निघणारे बुडबुडे पुढें दोन ठिकाणीं आडवे येतात, तें ओघानें दिसेलच.

इतका खर्च लोक कां सोसतात, याचें उत्तर थराच्या गुणांत आहे. व्हिकर्स मापानें या थराचा कठिणपणा साडेआठशें ते हजार इतका भरतो. उत्तम पाणी दिलेलें पोलादहि सहसा त्याच्या खालीं राहतें. कानस त्यावरून नुसती घसरते. त्याचें घर्षण अल्प असून दुसरा धातु त्याला सहजासहजीं चिकटून धरत नाहीं. हवेंत त्याच्या अंगावर प्राणवायूचें एक अदृश्य कवच आपोआप तयार होतें, म्हणून तो काळवंडत नाहीं. आणि झिजलाच तर तो उतरवून पुन्हां चढवितां येतो. येथें एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. मोटारीच्या दिव्यांच्या कड्या, नळाच्या तोट्या, सायकलचे दांडे यांवर जो चकचकीत क्रोम दिसतो तो शोभेचा. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो, आणि गंजापासून खरें रक्षण त्याच्या खालचा निकेलचा थर करतो. कठीण क्रोम हा बहुधा सरळ पोलादावरच बसतो आणि त्याची जाडी शोभेच्या थराच्या शंभर पट किंवा त्याहूनहि अधिक असते. हीं दोन्हीं भावंडें एकाच हौदांतलीं असलीं तरी एक वरातींत मिरवणारें आणि दुसरें शेतावर राबणारें आहे.

राबणाऱ्या भावंडाचें पहिलें मोठें काम छापखान्यांत निघालें. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळ-छापखान्यांत चलनी नोटांच्या कोरीव छापपत्र्यांची झीज हा मोठा प्रश्न होता. प्रत्येक ठशागणिक पत्रा पुसला जाई, आणि कोरलेल्या सूक्ष्म रेषा लौकरच बोथट होत. नोटेची रेषा बोथट झाली म्हणजे खरीखोटी ओळखणें अवघड होऊन बनावट नोटा करणाऱ्याचें फावतें. वॉशिंग्टन येथील प्रमाणसंस्थेंतील विल्यम ब्लम व त्याचे सहकारी यांनीं १९२५ च्या सुमारास या पत्र्यांवर क्रोमचा अतिशय पातळ थर देण्याची रीत बसविली. रेषा न बुजतां पत्र्याचें आयुष्य अनेक पटींनीं वाढलें. ही युक्ति पुढें जगांतील कोरीव छपाईच्या सुरक्षा-छापखान्यांत रूढ झाली. नाशिक येथें १९२८ पासून भारताच्या चलनी नोटा छापल्या जात आहेत. नोटेवर बोट फिरविलें असतां जी उठावदार रेषा लागते, ती याच कोरीव छपाईच्या घराण्यांतली आहे.

दुसरें क्षेत्र मोजमापाच्या गेजांचें. भोंकाचा व्यास बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कारखान्यांत पोलादी खुंट्या वापरतात. दिवसांतून शेंकडों वेळां भोंकांत शिरून त्या झिजतात आणि एक दिवस खोटें बोलूं लागतात. क्रोमचा थर दिलेली खुंटी पुष्कळ काळ खरें बोलते. आणि झिजली तर जुना थर आम्लांत विरघळवून, नवा चढवून, घांसून ती पुन्हां मूळ मापावर आणतां येते. येथूनच कठीण क्रोमच्या एका फार मोठ्या उपयोगाचा जन्म झाला. तो म्हणजे दुरुस्ती. एखाद्या इंजिनाची धुरी पुसटशी झिजली किंवा कारागिराच्या हातून दोन केसांएवढी अधिक कातली गेली, तर पूर्वीं ती भंगारांत जाई. आतां तिच्यावर मापाहून किंचित् जाड थर चढवून, सहाणेनें घांसून ती कामास लावतां येऊं लागली. दुसऱ्या महायुद्धांत पोलाद आणि वेळ या दोहोंचा दुष्काळ होता, तेव्हां विमानांच्या व जहाजांच्या इंजिनांचे असंख्य भाग अशा रीतीनें भंगारांतून परत आले.

याच काळांत व्हान डर हॉर्स्ट या डच अभियंत्याची सच्छिद्र क्रोमची कल्पना नांवारूपास आली. कठीण क्रोमच्या थरांत जात्याच केसाहून बारीक भेगांचें जाळें असतें. थर बसल्यावर प्रवाह उलटा सोडला कीं या भेगा रुंदावून त्यांचे सूक्ष्म पाट होतात. डिझेल इंजिनाच्या नळकांड्याच्या आंतल्या अंगाला असा थर दिला म्हणजे ते पाट तेल धरून ठेवतात आणि दट्ट्या सदैव ओल्या वाटेवरून सरकतो. दोष म्हणून जी भेग टाळावयाची, तीच येथें उपयोगास आणली. पुढें दट्ट्याच्या कड्यांवरहि क्रोम देऊं लागले. मात्र क्रोमच्या नळकांड्यांत क्रोमचें कडें घालीत नाहींत, कारण दोघेहि सारखेच हट्टी असल्यानें कोणीच रुळत नाहीं. पुढें या थराचा संसार पसरतच गेला. माती उकरणाऱ्या यंत्राच्या हातांतून सरकणारा चकचकीत दांडा, मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे धक्के सोसणाऱ्या नळ्या, विमानाच्या चाकांचे खांब, गिरण्यांत सूत ज्यावरून धांवतें त्या वाटाड्या खुंट्या, प्लॅस्टिकचे सांचे, कागदाच्या गिरणींतले रूळ अशा शेंकडों ठिकाणीं हा थर गेला. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर अशा यंत्रोद्योगाच्या गांवीं ‘हार्ड क्रोम’ अशा पाट्या लागलेले लहानमोठे कारखाने दिसतात, ते याच संसाराचा भाग आहेत.

हा थर नसला म्हणजे काय होतें, याचें सर्वांत कठोर उदाहरण रणांगणावर घडलें. बंदुकीच्या नळींत तप्त वायु, दारूची राख आणि दमट हवा यांचा एकत्र मारा होतो. जपानी सैन्याच्या १९३९ सालच्या ‘नव्याण्णव’ नमुन्याच्या रायफलीच्या नळीस आंतून क्रोमचा थर दिलेला होता, आणि पॅसिफिकच्या दमट बेटांवर त्याचा उपयोग दिसून आला. तरीहि १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें व्हिएतनाममधील आपल्या सैनिकांना जी नवी ‘एम्-१६’ रायफल दिली, तिच्या नळीस किंवा काडतुसाच्या घरास क्रोम दिलेला नव्हता. त्यांतच काडतुसांतली दारू बदलली होती, आणि ही बंदूक फारशी साफ करावी लागत नाहीं अशा समजुतीनें सफाईचें सामानहि पुरेसें दिलें गेलें नव्हतें. जंगलांतल्या ओलाव्यानें काडतुसाचें घर गंजून खडबडीत होई, आणि उडालेल्या काडतुसाची पितळी टोपी तेथेंच घट्ट रुतून बसे. ऐन चकमकींत बंदूक मुकी झाल्यामुळें सैनिक प्राणांस मुकले. त्यांचीं पत्रें घरोघर गेलीं, बोभाटा झाला आणि १९६७ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीनें चौकशी केली. त्याच वर्षापासून नव्या रायफलींच्या काडतुसघरास क्रोमचा थर देण्यांत येऊं लागला, आणि पुढें सबंध नळीसहि तो मिळाला. दोष एकट्या क्रोमच्या अभावाचा नव्हता; तो अनेक चुकांचा मिळून झालेला होता. परंतु केसाच्या जाडीहून पातळ असा एक थर माणसाचें आयुष्य तोलूं शकतो, ही गोष्ट त्या रणांगणानें पटवून दिली.

गुणांबरोबर या थराच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. तो कठीण आहे तसाच ठिसूळ आहे. मऊ धातूवर चढवून वर ठोसा दिला तर अंड्याच्या कवचासारखा फुटतो. वीज कोपऱ्यांकडे अधिक धांवत असल्यामुळें कडांवर थर जाड व खांचांत पातळ बसतो, म्हणून शेवटीं घांसून माप आणावेंच लागतें. भेगांतून पाणी खालीं उतरलें तर आंतलें पोलाद गंजूं शकतें. आणि ते हायड्रोजनचे बुडबुडे! त्यांतील कांहीं वायु पोलादाच्या अंगांत मुरतो आणि वरून निर्दोष दिसणारें बळकट पोलाद एखाद्या दिवशीं अवचित तडकतें. विमानाच्या चाकाच्या खांबाला हें परवडणारें नाहीं. म्हणून मुलाम्यानंतर असे भाग सुमारें एकशें नव्वद अंशांच्या भट्टींत, कधीं कधीं जवळजवळ एक अहोरात्र, ठेवून मुरलेला वायु बाहेर काढावा लागतो. घाईगर्दीनें ही पायरी गाळणें म्हणजे भविष्यांतील अपघात आजच पेरून ठेवणें होय.

बुडबुड्यांचा दुसरा उपद्रव याहून गंभीर आहे. हौदाच्या पृष्ठभागीं येऊन फुटणारा प्रत्येक बुडबुडा क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडवितो. हौदाशीं वाकून काम करणाऱ्याच्या श्वासाबरोबर ते नाकांत जातात. अमेरिकन सार्वजनिक आरोग्य खात्याच्या वतीनें ब्लूमफील्ड आणि नोटांच्या छपाईंत यश मिळविलेला तोच विल्यम ब्लम यांनीं १९२८ सालीं क्रोम-मुलाम्याच्या कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. अनेकांच्या नाकांतील पडद्यावर व्रण होते, आणि कांहींच्या पडद्याला आरपार भोंक पडलें होतें. व्रणाला वेदना बेताची असल्यामुळें पुष्कळांना आपल्या नाकास काय झालें आहे याची दादहि नव्हती. हवेंतील आम्लाचें प्रमाण दर दहा घनमीटरला एक मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये आणि हौदाच्या कांठाशींच तुषार ओढून घ्यावे, असें त्यांनीं सुचविलें. ज्यानें या कलेस उद्योगांत प्रतिष्ठा मिळवून दिली त्यानेंच तिचा दोष मोजून जगापुढें मांडावा, ही शास्त्राच्या सचोटीची साक्ष होय. इंग्लंडनें १९३१ सालीं या धंद्यापुरते स्वतंत्र नियम केले. परंतु नाकाच्या पुढें फुप्फुस असतें. क्रोमेटच्या कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो, हें १९४८ सालीं अमेरिकेंत आकड्यांनिशीं दाखविण्यांत आलें. १९९० सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें या हौदांत असणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमचा समावेश निःसंशय कर्करोगकारक द्रव्यांत केला. २००६ सालीं अमेरिकेनें कामगारांसाठीं ठरविलेली मर्यादा क्रोमियमच्या हिशेबानें १९२८ च्या सूचनेहून सुमारें दहा पट कडक आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दांड्यावर बसलेला क्रोम हा शुद्ध धातु आहे. त्याला हात लावल्यानें कांहीं होत नाहीं. विष असतें तें हौदांतल्या द्रावणांत, त्याच्या तुषारांत आणि तें धुतलेल्या पाण्यांत. म्हणजे वस्तु वापरणाऱ्याच्या वांट्यास केवळ लाभ येतो आणि धोका राहतो तो ती घडविणाऱ्याच्या व त्याच्या शेजाऱ्यांच्या वांट्यास. कारखान्याचें पिवळें सांडपाणी तसेंच ओढ्यांत सोडलें तर तें विहिरींपर्यंत पोंचतें. त्यावर उपाय सोपा आहे. आम्लयुक्त पाण्यांत सोडियम बायसल्फाइट घातलें कीं पिवळा रंग जाऊन हिरवा येतो. विषारी षट्संयुजी क्रोमियमचें रूपांतर पुष्कळ सौम्य अशा त्रिसंयुजी क्रोमियमांत होतें. मग चुना घालून तें गाळाच्या रूपानें खालीं बसवितात. तो गाळहि जपूनच ठेवावा लागतो. भारतीय नियमांप्रमाणें नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यांत षट्संयुजी क्रोमियम लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या वर असूं नये. नियम स्पष्ट आहे. तो पाळणें मात्र कारखानदाराच्या सदसद्विवेकावर आणि तपासणाऱ्याच्या जागरूकतेवर अवलंबून राहतें.

तुषार दाबण्यासाठीं हौदावर फेंस धरणारीं रसायनें वापरण्याचा मार्गहि निघाला. त्यांतलें एक प्रमुख रसायन ‘पीफॉस’ हें निसर्गांत कधींच कुजत नाहीं आणि प्राण्यांच्या शरीरांत सांचत जातें, असें आढळून आल्यावर २००९ सालीं तेंहि आंतरराष्ट्रीय करारानें नियंत्रित झालें. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तसा हा प्रकार झाला. युरोपीय संघांत सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्ल परवानगीवांचून वापरतां येत नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें २०२३ सालीं असा निर्णय घेतला कीं २०३९ पासून कठीण क्रोमचे असे हौद बंद व्हावे. पर्यायहि पुढें आले आहेत. अतिवेगवान ज्वालेंतून टंगस्टन कार्बाइडची भुकटी फवारून विमानाच्या खांबांवर क्रोमहूनहि चिवट थर देतां येतो. परंतु ज्वाला सरळ रेषेंत जाते. अरुंद नळीच्या पोटांत ती पोंचत नाहीं, आणि तिचें यंत्रहि लहान कारागिराच्या आवाक्याबाहेरचें असतें. त्रिसंयुजी क्रोमियमच्या सौम्य द्रावणांतून शोभेचा थर उत्तम निघतो. जाड व कठीण थर काढणें मात्र अवघड ठरलें आहे. म्हणून जुना हौद एकाएकीं अदृश्य होणार नाहीं.

या हौदासाठीं लागणाऱ्या धातूचें खनिज भारताच्याच भूमींत आहे. देशांतील क्रोमाइटचा फार मोठा वांटा ओडिशांतील सुकिंदा खोऱ्यांत असून, महाराष्ट्रांतहि कणकवलीच्या परिसरांत व भंडारा जिल्ह्यांत पवनीकडे त्याचे थोडे साठे आहेत. खनिज आहे, कारागीर आहेत, यंत्रांची गरज तर रोज वाढती आहे. प्रश्न उरतो तो वापरण्याच्या रीतीचा. धनाग्राशीं शिशाचा पत्रा टांगतांना जितकी काळजी घेतली जाते, तितकीच हौदाच्या कांठाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासाची घेतली गेली, आणि मापाचा जितका काटेकोरपणा दांड्याच्या व्यासांत पाळला जातो तितकाच ओढ्यांत सोडलेल्या पाण्यांत पाळला गेला, तर हा मुलामा खरोखर कल्हईच्या पंक्तीस बसेल. नाहीं तर यंत्र दहा वर्षें अधिक टिकावें आणि तें टिकविणारा माणूस दहा वर्षें आधीं खचावा, असा उलटा हिशेब होईल. आणि मग पोलाद कितीहि सुरक्षित राहिलें तरी पितळ उघडें पडल्यावांचून राहणार नाहीं.